इंधन पंप, सुधारित मोटरगाड्यांतील

इंधन पंप, सुधारित मोटरगाड्यांतील : मोटरगाडीच्या टाकीतील पेट्रोल ठराविक दाबाने व पुरेशा प्रमाणात एंजिनापर्यंत पोचविणाऱ्या साधनाला इंधन पंप म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीचा पंप तिच्या एंजिनाची गरज पाहून व थोडी क्षमता शिल्लक ठेवून निवडलेला असतो. एंजिनात फेरफार करून त्याची शक्ती वाढविली की ही शिल्लक संपते आणि मूळ पंपाच्या जागी अधिक क्षमतेचा पंप बसवावा लागतो. असे पंप पुष्कळदा गाडीच्या उत्पादकाने नव्हे, तर सुटे भाग बनविणाऱ्या इतर कंपन्यांनी बाजारात आणलेले असतात. प्रस्तुत नोंदीत त्यांना पर्यायी पंप म्हटले आहे.

पंप पूर्णपणे बंद पडला, तर बहुधा गाडी थांबते, एवढेच होते. तो चालू राहून कमी इंधन देऊ लागला, तर मात्र मोठी हानी संभवते. सिलिंडरात शिरणाऱ्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण विरल होते, ज्वलनाचे तापमान वाढते, ठोके (अवेळी होणारे स्फोटक ज्वलन) सुरू होतात व काही सेकंदांत दट्ट्याचा माथा वितळू शकतो. हा तुटवडा पूर्ण भार असतानाच प्रथम जाणवतो; सावकाश चालविताना त्याची चाहूलही लागत नाही. पर्यायी पंपाच्या विश्वासार्हतेला जे महत्त्व आले, ते यामुळे. या पंपांचा इतिहास पाहता असे दिसते की, बिघाडांचे मूळ पुष्कळदा पंपाच्या रचनेत नसून त्याच्याभोवतीच्या जोडणीत, म्हणजे तारा, नळ्या, गाळण्या व दाबनियंत्रक यांत असते.

इतिहास : प्रारंभीच्या कित्येक गाड्यांत पंपच नव्हता. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) या गाडीची टाकी बैठकीखाली असे व पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरात उतरे. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ लागला, तर कार्ब्युरेटर टाकीपेक्षा उंच जाऊन पुरवठा तुटे. म्हणून चालक गाडी उलटी फिरवून मागील बाजूने चढ चढवीत. पुढे टाकी गाडीच्या मागील भागात गेली. तेव्हा एंजिनातील निर्वाताने पेट्रोल खेचून घेणारी छोटी साहाय्यक टाकी वापरात आली, परंतु दीर्घ चढावर एंजिनाचा निर्वात कमी होऊन तीही अपुरी पडे. १९३० च्या सुमारास एंजिनाच्या कॅमदंडाने हलविला जाणारा पटलपंप (लवचिक पडद्याच्या हालचालीने इंधन ओढणारा व ढकलणारा पंप) रूढ झाला. तो स्वस्त व टिकाऊ होता. शिवाय एंजिन थांबले की तोही आपोआप थांबे. या गुणाची किंमत पुढे विद्युत् पंप आल्यावर कळली.

ब्रिटनमध्ये याच सुमारास एस. यू. कंपनीचा विद्युत् पंप प्रचारात आला. त्यात विद्युत् चुंबक पटल ओढून घेतो, ओढीच्या अखेरीस संपर्कबिंदू उघडतात आणि स्प्रिंग पटलाला मागे ढकलून इंधन पुढे रेटते. दाब पुरेसा झाला की टिकटिक थांबते. मॉरिस मायनर, एमजी, जॅग्वार इ. गाड्यांत हा पंप होता. संपर्कबिंदू ठिणग्यांनी जळून काळे पडत व पंप अडे. त्यावर हलकासा ठोका मारला की तो पुन्हा चालू लागे. ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या मालकांना हा उपाय चांगलाच परिचित होता.

एंजिनाची शक्ती हौसेने वाढविण्याची खरी चळवळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात उभी राहिली. तेथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्यांना वेग देऊन पाहत. त्यांच्या मंडळांची संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली. तेथील अनेक गाड्यांत पंपाऐवजी टाकीत हातपंपाने हवा भरून तिच्या दाबाने इंधन पुढे ढकलीत. ही रीत साधी असली, तरी गळती झाल्यास दाबाखालील पेट्रोल चालकाच्या अंगावर उडण्याचा धोका तिच्यात होता. स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी एंजिनावर चालणाऱ्या पंपाची व सतत प्रवाही अंतःक्षेपणाची योजना बनविली आणि १९४८ मध्ये आपल्या गाडीचा वेग ताशी १५० मैलांच्या (सु. २४० किमी.) पलीकडे नेला. एंजिन जितके जलद फिरे, तितका हा पंप अधिक इंधन देई. विजेची तार, संपर्कबिंदू असे त्यात काहीच नव्हते. अतिवेगवान शर्यतीच्या गाड्यांत एंजिनावर चालणारे पंप आजतागायत टिकून राहिले आहेत, ते याच कारणाने.

थोड्या अंतराच्या सरळ शर्यतींची (ड्रॅग शर्यतींची) राष्ट्रीय संघटना अमेरिकेत १९५१ मध्ये स्थापन झाली. या शर्यतींनी एक नवीनच अडचण पुढे आणली. गाडी झेप घेते तेव्हा लांब नळीतील पेट्रोल जडत्वामुळे मागे रेटले जाते. नळी ३ मी. लांब व प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाइतका धरला, तर हा विरोध सु. ०·२२ बार (१ बार म्हणजे जवळजवळ १ वातावरण दाब) इतका भरतो. कार्ब्युरेटरासाठी पंपाचा दाब सु. ०·४ बार असे. म्हणजे निम्म्याहून अधिक दाब केवळ हा विरोध मोडण्यात खर्ची पडे. पुढील बाजूस एंजिनावर बसविलेल्या पंपाला तर इंधन मागून ओढून घ्यावे लागे व ओढण्याची त्याची ताकद मुळातच मर्यादित असे. यावर उपाय म्हणून विद्युत् पंप टाकीजवळ, तिच्यापेक्षा खालच्या पातळीवर बसविण्याची पद्धत पडली. पंप ढकलण्यात प्रबळ व ओढण्यात दुर्बल असतो, हा नियम तेव्हापासून या क्षेत्रात मूलभूत मानला जातो.

अशा सुट्या भागांचा व्यापार वाढत जाऊन १९६३ मध्ये त्यांच्या उत्पादकांची संघटना (सेमा) निघाली. होली, कार्टर इ. कंपन्यांचे सरकत्या पात्यांचे परिभ्रमी पंप या काळानंतर सर्वत्र पसरले. होलीचा निळ्या रंगाने ओळखला जाणारा पंप कोणताही विरोध नसताना ताशी ११० अमेरिकी गॅलन (सु. ४१६ लि.) इंधन देतो व त्याचा कमाल दाब सु. १ बार असतो. असे पंप आवाज फार करीत व पाती झिजल्यावर त्यांचा दाब उतरे; कोरडे चालविल्यास ते लवकर निकामी होत. त्यांनी सुरक्षिततेचा प्रश्नही निर्माण केला. अपघातात नळी तुटली व एंजिन बंद पडले, तरी विद्युत् पंप पेट्रोल ओतीतच राहतो. शेव्हरोले कंपनीच्या ‘व्हेगा’ (१९७०) या गाडीत पंप टाकीच्या आत होता व एंजिनातील तेलाचा दाब गेल्यास तो बंद पडेल अशी योजना होती. हौशी कारागिरांनी मात्र ही दक्षता पुष्कळदा घेतली नाही. चावी फिरविताच पंप चालू होईल अशी सरळ जोडणी करून ते मोकळे होत. ही हयगय झिजलेल्या पात्यांपेक्षा कितीतरी अधिक धोक्याची होती.

अंतःक्षेपणाचा काळ : जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण पद्धती फोक्सवॅगनच्या गाडीत आणली. तिला सु. २ बार दाब लागे. १९७३ मध्ये आलेल्या ‘के-जेट्रॉनिक’ या यांत्रिक पद्धतीचा दाब याच्या दुपटीहून अधिक होता. कार्ब्युरेटरासाठी बनविलेले पंप येथे निरुपयोगी ठरले व रुळांच्या साहाय्याने इंधन दाबणारे परिभ्रमी पंप आले. त्यांचे विद्युत् चलित्र पेट्रोलातच बुडालेले असते. पेट्रोल दिक्परिवर्तक व ब्रश यांवरून वाहत जाऊन त्यांना थंड ठेवते. ठिणग्या पडूनही तेथे आग लागत नाही, कारण आत ज्वलनाला लागणारी हवाच नसते. मात्र याचा अर्थ असाही होतो की, पेट्रोल हेच या पंपाचे शीतक व वंगण आहे आणि ते खंडित झाले की पंपाचे आयुष्य झपाट्याने घटते.

विमानांत उंचीवर पेट्रोलाची वाफ होऊन पुरवठा तुटू नये म्हणून टाकीत बुडविलेले साहाय्यक पंप दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच वापरले जात होते. मोटरगाड्यांत हीच रचना १९८० नंतर सर्वसाधारण झाली. त्यामुळे पंप ओढण्याच्या कामातून जवळजवळ मुक्त झाला, त्याचा आवाज कमी झाला व बाष्परोधाची (नळीत वाफ अडकून प्रवाह थांबण्याची) भीती घटली.

टर्बोचार्जर (निष्कास वायूंच्या जोरावर फिरून एंजिनात हवा कोंबणारे साधन) असलेल्या गाड्यांनी पर्यायी पंपाचा बाजार खऱ्या अर्थाने घडविला. अमेरिकेतील ब्यूइक ‘ग्रँड नॅशनल’ (१९८६–८७) व इलिनॉय राज्यात बनलेली मित्सुबिशी ‘इक्लिप्स’, तसेच जपानमधील निस्सान ‘स्कायलाइन जीटी-आर’ (१९८९–९४) व टोयोटा ‘सुप्रा’ (१९९३–२००२) या गाड्यांत टर्बोचार्जरचा दाब थोडा वाढविला की शक्ती लक्षणीय वाढे. एंजिने हा भार बहुधा सोसत. पंपाची शिल्लक मात्र लवकर संपे. मिशिगन राज्यातील कॅस सिटी येथे उगम पावलेल्या व १९९९ मध्ये टीआय समूहाकडे गेलेल्या वॉलब्रो कंपनीचा ताशी २५५ लि. क्षमतेचा, टाकीत बसणारा पंप या गरजेला नेमका उतरला. त्यात एकात एक बसलेली दोन दंतुर चक्रे असून आतील चक्राला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी असतो. दातांमधील पोकळ्या मोठ्या व लहान होत जाऊन इंधन ढकलले जाते. स्वस्त, लहान व बहुतेक गाड्यांच्या मूळ जागेत मावणारा हा पंप १९९० नंतरच्या दशकात जवळजवळ प्रमाणभूत मानला जाऊ लागला.

त्याबरोबर तक्रारीही आल्या आणि त्या उद्बोधक आहेत. ‘इक्लिप्स’मध्ये मोठा पंप बसविल्यावर एंजिन मंद गतीने चालताना पेट्रोलाचा दाब वाढून मिश्रण दाट होई. दोष पंपाचा नव्हता. मंद गतीला एंजिन ताशी जेमतेम दोनतीन लिटर पेट्रोल घेते. उरलेले सर्व पेट्रोल दाबनियंत्रकाच्या लहान छिद्रातून टाकीकडे परत जावे लागते व मूळ नियंत्रकाचे छिद्र एवढ्या प्रवाहासाठी केलेलेच नव्हते. ‘स्कायलाइन’ व ‘सुप्रा’मध्ये कमी भाराच्या वेळी पंपाला मुद्दाम कमी विद्युत् दाब देणारे नियंत्रण होते. अधिक विद्युत् प्रवाह घेणारा पंप त्याच नियंत्रणावर जोडल्यास नियंत्रण तापे किंवा पंप उपाशी राही. ‘ग्रँड नॅशनल’च्या मालकांनी टाकीपर्यंत स्वतंत्र जाड तार नेऊन ती रिलेमार्फत जोडण्याची पद्धत पाडली आणि कित्येकांना नवा पंप घेण्यापूर्वीच जुन्यात सुधारणा दिसली.

क्षमतेचा आकडा व त्याचा अर्थ : पंपावर छापलेला आकडा विशिष्ट दाबाचा व विशिष्ट व्होल्टतेचा असतो, ही गोष्ट ग्राहक सहसा विसरतो. पंपाचा दाब ३ बार असताना मिळणारा प्रवाह ४·५ बारला मिळत नाही. दाब वाढला की प्रवाह घटतो व पंप घेत असलेला विद्युत् प्रवाह वाढतो. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनात नियंत्रक इंधनाचा दाब हवेच्या दाबाबरोबर वाढवीत नेतो, कारण अंतःक्षेपकाच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक कायम राहणे आवश्यक असते. म्हणजे सर्वांत अधिक इंधनाची गरज असते, नेमकी त्याच वेळी पंपाची क्षमता सर्वांत कमी असते.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. टर्बोचार्जरयुक्त एंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला सु. २७० ग्रॅ. पेट्रोल जाळते असे धरले, तर ५०० अश्वशक्तीला ताशी १३५ किग्रॅ., म्हणजे सु. १८२ लि. पेट्रोल लागेल. २५५ लिटरांचा पंप यासाठी पुरेसा वाटतो. परंतु ४·५ बारला त्याचा प्रवाह बराच उतरलेला असतो. त्यातच मूळ बारीक तारेचा व गंजलेल्या जोडांचा रोध केवळ ०·१ ओहम असला व पंप १५ अँपिअर घेत असला, तरी १·५ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात. १३·५ व्होल्टांऐवजी पंपाला १२ व्होल्ट मिळतात. चलित्राची गती व्होल्टतेबरोबर उतरते व अधिक दाबाखाली प्रवाह गतीपेक्षाही जलद घटतो. कागदावर दिसणारी ७३ लिटरांची शिल्लक अशा रीतीने रस्त्यावर उरत नाही. ‘पंप गेला’ असे म्हणून बदललेले कित्येक पंप प्रत्यक्षात धडधाकट असतात. दाबनियंत्रक आवश्यक दाबावर ठेवून परतीच्या नळीतील पेट्रोल ठराविक वेळ मापपात्रात जमा करणे व त्याच वेळी पंपाच्या अग्रांवर व्होल्टता मोजणे, ही परीक्षा सोपी असूनही क्वचितच केली जाते.

बिघाडाची इतर कारणे : उष्णता हे यांपैकी मुख्य होय. मोठा पंप सतत पूर्ण गतीने चालत राहिला, तर एंजिनाजवळून तापून परतलेले पेट्रोल टाकीतील साठाही तापविते. तापलेले पेट्रोल पंपाच्या मुखाशीच वाफाळते आणि वाफेमुळे पंपाची गती व झीज वाढते. टाकी पाव भागाहून कमी भरलेली असताना लांब वळणे घेतल्यास मुख उघडे पडते. यासाठी शर्यतीच्या गाड्यांत एक साहाय्यक पंप लहानशा मध्यस्थ टाकीत पेट्रोल भरतो व मुख्य पंप त्या सदैव भरलेल्या टाकीतून ते घेतो. पंपाच्या आधी बारीक गाळणी बसविणे ही नेहमीची चूक आहे, कारण ती ओढण्याच्या बाजूला विरोध निर्माण करते. पंपापूर्वी सु. १०० मायक्रॉनची भरड व पंपानंतर सु. १० मायक्रॉनची बारीक गाळणी असा प्रघात आहे.

टाकीच्या आत वापरलेली नळी हा क्षुल्लक वाटणारा भाग अनेक एंजिनांच्या नाशास कारण झाला आहे. साधी रबरी इंधन नळी आतून पेट्रोल सोसते. बाहेरूनही पेट्रोलात बुडालेली असली की ती फुगते, मऊ होते व तडकते. मग पंप उत्तम चालूनही इंधन टाकीतच परत गळते. बुडवून वापरण्यासाठी वेगळ्या प्रतीची नळी मिळते, पण ती महाग असल्याने टाळली जाते.

दोन पंप समांतर जोडले की विश्वासार्हता दुप्पट होते, असा समज आहे. दोहोंपैकी एक बंद पडला, तर साध्या चालीत दुसरा पुरतो. चालकाला काहीच कळत नाही आणि पुढच्या पूर्ण भाराच्या वेळी निम्म्याच इंधनावर एंजिन धावते. प्रत्येक पंपापुढे एकदिशा झडप नसेल, तर चालू पंपाचे इंधन बंद पंपातून मागे वाहते.

बनावट मालाचाही प्रश्न गंभीर आहे. वॉलब्रोचा २५५ लिटरांचा पंप व बॉशचा ‘०४४’ या नावाने ओळखला जाणारा बाहेरून बसवावयाचा पंप यांच्या हुबेहूब नकला मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. कवच, खुणा व वेष्टन सारखेच असल्याने नुसत्या दृष्टीने फरक ओळखणे कठीण जाते. पर्यायी पंपांच्या वाईट ख्यातीपैकी काही भाग या नकलांच्या खाती मांडावा लागेल.

मूळ उत्पादकाचा पंप तेवढा निर्दोष, असेही म्हणता येत नाही. डेन्सो या जपानी कंपनीच्या पंपांतील प्लॅस्टिकचे फिरते चक्र पेट्रोल शोषून वाकते, असे आढळल्यावर २०२० पासून टोयोटा, होंडा इ. कंपन्यांना लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

एथॅनॉलमिश्रित इंधन : ८५ टक्क्यांपर्यंत एथॅनॉल असलेले इंधन ठोके रोखत असल्याने सुधारित गाड्यांत लोकप्रिय झाले. त्याचे उष्णतामूल्य कमी असल्याने वरील ५०० अश्वशक्तीच्या एंजिनाला ते ताशी सु. २५० लि. लागते. एथॅनॉल पेट्रोलापेक्षा अधिक विद्युत् संवाहक असून पाणी शोषून घेते. त्यामुळे तांब्याचे दिक्परिवर्तक झिजतात व जोड गंजतात. यासाठी कार्बनचे दिक्परिवर्तक व वेगळ्या प्रतीचे रबर वापरलेले पंप निघाले. भारतात २० टक्के एथॅनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीस आले व २०२५ मध्ये हे सरासरी प्रमाण गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. महाराष्ट्रातील साखर कारखाने या एथॅनॉलाच्या प्रमुख पुरवठादारांपैकी आहेत. अशा पेट्रोलाला आकारमानाने सु. सहासात टक्के अधिक प्रवाह लागतो. साध्या गाडीला तो सहज झेपतो, काठावर चालणाऱ्या सुधारित गाडीला झेपेलच असे नाही. मोटरवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत असा फेरफार करता येत नाही व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा निर्बंध उचलून धरला. त्यामुळे अशा गाड्यांचे रीतसर स्थान शर्यतीच्या मार्गापुरतेच राहते.

एकविसाव्या शतकात ब्रशरहित चलित्राचे पंप प्रचारात आले. त्यांत झिजणारे ब्रश नसतात आणि गरजेनुसार गती कमी करता येत असल्याने टाकीतील इंधन कमी तापते. इंधनाचा दाब सतत मोजणारा संवेदक एंजिनाच्या नियंत्रकाला जोडून, दाब अपेक्षेपेक्षा उतरताच ठिणगी व हवाभरण तोडण्याची योजनाही आता हौशी गाड्यांत आढळते. ब्रशरहित पंपाला स्वतंत्र इलेक्ट्रॉनीय चालकमंडल लागते. ते उष्णता व ओलावा यांपासून दूर ठेवावे लागते आणि ते निकामी झाल्यास पंप क्षीण न होता एकदम थांबतो.